आठवड्याकाठी एक लहानसे यश

सांगलीत घरी बसून पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाच्या कामाला साक्षीदार नसतो. घरच्यांना दिसते ते एवढेच, की हा सकाळपासून त्याच खुर्चीत त्याच पडद्यासमोर बसला आहे, मध्येच कपाळाला हात लावतो आणि जेवायला हाक मारली की ‘आलोच’ म्हणून अर्ध्या तासाने उगवतो. त्यातून या कामाचा स्वभावच असा, की ते नीट झाले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुकानदाराचे बिल निघाले, पैसे भरल्याचा संदेश वेळेवर आला, तर त्यामागे कोणाचा आठवडा खर्ची पडला हे कोणी विचारत नाही. बिल अडकले की मात्र फोनवर फोन येतात. चूक लगेच दिसते आणि काम दिसतच नाही, अशा धंद्यात माणूस वर्षानुवर्षे टिकून राहायचा असेल, तर त्याला आपल्या कामाची नोंद घेणारी चार माणसे कुठेतरी शोधावी लागतात.

आम्हाला ती एका ऑनलाइन गटात सापडली. सांगली, मिरज, तासगाव, विटा, पलूस, आष्टा अशा ठिकाणी राहणारे, बहुतेक घरूनच काम करणारे डेव्हलपर त्यात आहेत. काही जण नोकरीत, काही जण स्वतंत्र कामे घेणारे आणि काही जण अजून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात शिकणारे. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर एकत्र येतो आणि प्रत्येक जण त्या आठवड्यातील आपले एक लहानसे यश सांगतो. एकच आणि लहान. मोठे असेल तर त्याचा शेवटचा तुकडा सांगायचा. सांगताना आधी काय अडले होते ते सांगायचे आणि मग ते कसे सुटले ते. या क्रमावर आमचा कटाक्ष आहे, कारण नुसते ‘लॉगिनचे पान पूर्ण केले’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला ‘अभिनंदन’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. पण ‘पान चालत होते, फक्त जुन्या फोनवर बटण कीबोर्डखाली दडत होते आणि ते माझ्या फोनवर कधीच दिसले नाही’ असे सांगितले, की दोन-तीन जण खुर्चीत पुढे सरकतात.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे ‘लहान’ म्हणजे किती लहान ते कळेल.

पलूसकडच्या आमच्या एका ताईंनी एका माल वाहतूकदाराच्या कचेरीसाठी खेपांच्या नोंदींची प्रणाली केली आहे. गाडी कुठून कुठे गेली, किती माल, किती डिझेल, असा साधा मामला. एके दिवशी तिथल्या कारकुनाचा फोन आला, ‘ओ मॅडम, कऱ्हाडच्या निम्म्या खेपा गायब हाईत.’ त्यांनी पाहिले तर एकही नोंद गायब नव्हती. सगळ्या यादीत डोळ्यांसमोर दिसत होत्या, पण शोधाच्या चौकटीत ‘कऱ्हाड’ टाकले की निम्म्याच हाती येत होत्या. अक्षर तेच, वळण तेच, फॉन्ट तोच. पहिला संशय नेहमीप्रमाणे आजूबाजूच्या मोकळ्या जागेवर गेला, मग डेटाबेसवर, मग स्वतःवर. दोन दिवस गेल्यावर त्यांनी दोन्ही शब्दांचे अक्षर न् अक्षर सुटे करून त्यांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो ते, शेजारी शेजारी छापले, तेव्हा भानगड उघडी पडली.

मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक 0931, आणि त्यापुढे हलन्त येतो. दुसऱ्यात नेहमीचा ‘र’, क्रमांक 0930, त्यापुढे हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचे, डोळ्यांना न दिसणारे 200डी क्रमांकाचे चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. कचेरीतला एक माणूस डेस्कटॉपवर नोंदी करीत होता, दुसरा फोनवर. दोघांचे कीबोर्ड हे अक्षर दोन वेगळ्या रीतींनी लिहीत होते. युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या रीतींनी लिहिले असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आणणे, त्यातला एनएफसी हा प्रकार वापरला की सगळे सरळ होईल असे वाटले, पण तेही पुरेसे नव्हते. ‘र’ आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, असे सुटे लिहिले असेल तर एनएफसी त्याचा एकसंध ‘ऱ’ करून देते. त्या अदृश्य जोडचिन्हाला मात्र ते हात लावीत नाही. शेवटी ताईंनी एनएफसीच्या पुढे स्वतःचा एक नियम लिहिला: ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह अशी तिकडी दिसली की तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचे, जुन्या नोंदींनाही आणि शोधात टाइप केलेल्या शब्दालाही. तीन ओळींचा कोड. कचेरीतून उत्तर आले, ‘झालं का? बरं.’

शनिवारी त्यांनी हे सांगितले तेव्हा आधी एक ‘नाद खुळा!’ आले, ते येणारच. पण त्यानंतर मिरजेच्या एका मुलाने विचारले, की मग कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे या आडनावांचेही तेच होत असणार ना? त्याच्या दवाखान्याच्या प्रणालीत रुग्ण आडनावाने शोधले जातात. त्याने तिथल्या तिथे तपासले आणि तेच होत होते. एका रुग्णाची दोन खाती निघाली होती, आणि आजवर सगळ्यांनी तो दोष स्वागतकक्षातल्या मुलीच्या टायपिंगवर ढकलला होता. ताईंनी तो नियम त्याला लगेच पाठवून दिला. त्या संध्याकाळी बाकीच्यांची यशे पुढच्या शनिवारवर गेली आणि कोणी तक्रार केली नाही.

माझ्या मते कौतुक असे असावे. अंगठ्याचे चित्र पाठवणे वाईट नाही, मीही पाठवतो. पण ज्या माणसाने दोन दिवस एका अक्षराच्या पाठी घालवले त्याला खरे समाधान मिळते ते समोरच्याने त्यावर नेमका प्रश्न विचारला की. प्रश्न विचारला याचा अर्थ त्याने ऐकले, समजून घेतले आणि ते काम त्याच्याही उपयोगाचे ठरले. घरातल्या माणसांचे प्रेम कितीही असले तरी हे ते देऊ शकत नाहीत, आणि तशी अपेक्षा करून त्यांना जेवणाच्या ताटावर युनिकोड समजावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कंपनीतल्या रोजच्या सकाळच्या बैठकीतही काल काय केले ते सांगायचे असते, मग हे वेगळे काय, असे एकाने मला विचारले होते. फरक ऐकणाऱ्यात आहे. तिथे ऐकणारा वेळापत्रक हातात घेऊन ऐकतो, त्यामुळे सांगणाराही आपोआप वेळापत्रकाला शोभेल तेवढेच सांगतो. दोन दिवस एका अक्षरात गेले हे तिथे शक्यतो झाकले जाते. शनिवारी ऐकणाऱ्याला माझ्याकडून काहीच वसूल करायचे नसते.

याविषयी अमेरिकेत झालेला एक अभ्यास आमच्या गटात अधूनमधून निघतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले यांनी स्टीव्हन क्रेमर यांच्याबरोबर 7 कंपन्यांमधील 26 प्रकल्पगटांतल्या 238 माणसांकडून रोजच्या कामाच्या डायऱ्या लिहून घेतल्या आणि जवळजवळ 12,000 नोंदी तपासून 2011 साली निष्कर्ष मांडले. माणसांची मनःस्थिती ज्या दिवशी सर्वांत चांगली होती, अशा दिवसांपैकी 76 टक्के दिवशी त्यांच्या महत्त्वाच्या कामात काहीतरी प्रगती झालेली होती, आणि ती बऱ्याचदा किरकोळच असे. मला त्याहून बोलकी वाटते ती त्याच अभ्यासकांनी मांडलेली दुसरी गोष्ट. माणसाला कामाला उभारी कशाने येते असे 669 व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा त्यांनी दिलेल्या क्रमवारीत प्रगतीला हातभार लावणे हे सर्वांत शेवटी आले. म्हणजे कामगाराला ज्या गोष्टीने बरे वाटते ती वरिष्ठाच्या यादीत तळाला. माझ्या वरिष्ठांना मी हे अजून दाखवलेले नाही. अडथळ्यांचा परिणाम मनावर प्रगतीपेक्षा अधिक जोराने होतो, हेही त्या डायऱ्यांतून निघाले, आणि त्याला आमच्या गटातला कोणीही पुरावा मागणार नाही.

यश लहानच का असावे, याचे उत्तर त्याच्याही आधी कार्ल वाइक या अमेरिकन अभ्यासकाने 1984 साली दिले होते. त्याचा विषय समाजातील प्रश्नांचा होता, संगणकाचा नव्हे. प्रश्न अवाढव्य स्वरूपात समोर ठेवला की माणसाचे हातपाय गळतात. त्याचा हाताच्या आवाक्यातला, पूर्ण करता येण्याजोगा तुकडा ठेवला की काम सुरू होते, सोबती मिळतात आणि विरोधही कमी होतो, असे त्याचे म्हणणे. आष्ट्याच्या एका सदस्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचे, कोणीतरी अर्धवट सोडून गेलेले सहकारी पतसंस्थेचे सॉफ्टवेअर आले आहे. ‘हे सगळे नव्याने लिहायचे’ असे ठरवून तो पहिला महिनाभर नुसता दडपून गेला होता. आता तो दर आठवड्याला त्यातल्या एका हिशेबाला टेस्ट लिहितो, म्हणजे तो हिशेब पुढे कोणी बिघडवला तर लगेच समजावे, आणि शनिवारी त्या हिशेबाचे नाव सांगतो. मुदत ठेवीचे व्याज झाले, मुदतपूर्व मोडीचे झाले, आता थकीत कर्जावरचे दंडव्याज चालले आहे. सहकाराच्या या जिल्ह्यात त्या यादीला श्रोते कमी पडत नाहीत. प्रत्येकाच्या घरात एखाद्या पतसंस्थेचे पासबुक असतेच.

आता लहान यश मोजायचे कशाने? कोडच्या ओळींनी तर मुळीच नाही. 1982 च्या सुरुवातीला ॲपल कंपनीत लिसा संगणकाचे काम चालू असताना व्यवस्थापकांनी प्रत्येक प्रोग्रामरकडून दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरून घ्यायला सुरुवात केली होती. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्रे रेखाटण्याचा एक भाग नव्याने लिहून तो जवळजवळ सहापट वेगवान केला होता आणि त्यात सुमारे 2,000 ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी तक्त्यात उणे 2,000 असे भरून दिले. पुढे काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो तक्ता मागणेच बंद झाले. आमच्या गटात कोड काढून टाकणे हे नेहमीच यशात धरले जाते. विट्याच्या एका सदस्याने तीन वर्षे कोणीही न वापरलेला अहवालांचा अख्खा विभाग ग्राहकाला विचारून काढून टाकला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद नवा विभाग बांधणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नाही.

रिकामे आठवडे येतात. त्यांचे काय करायचे, यावर आमच्यात बराच काळ एकमत नव्हते. काहींचे म्हणणे होते, की सांगण्यासारखे नसेल त्याने यावे आणि नुसते ऐकावे. तासगावच्या सदस्याने, ज्याच्या घरची द्राक्षबाग आहे, त्याला हरकत घेतली. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा बागेत उघड्या खोडांशिवाय पाहण्यासारखे काही नसते आणि वाटेवरच्या माणसाला वाटते, की बाग गेली. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड किती निघणार, हे त्या उन्हाळ्यातच नव्या काडीच्या आत ठरत असते. तेव्हापासून आम्ही एवढे मान्य केले, की ज्या आठवड्यात काही सुटले नाही त्या आठवड्यात काय वाचले, काय करून पाहिले आणि कोणती वाट बंद असल्याचे समजले, तेही सांगता येते. वाट बंद असल्याचे समजणे याला मी तरी यशच म्हणतो. नाहीतर त्याच वाटेने पुढच्या महिन्यात पुन्हा जाणे होते.

मात्र ओढूनताणून यश काढायला लावू नये, हेही तितकेच खरे. कोयना धरणातून विसर्ग वाढतो, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागते, तेव्हा नदीजवळच्या गावभागातल्या आमच्या सदस्यांचे लक्ष संगणकात नसते आणि नसावेही. अशाच एका शनिवारी एकाने सांगितले, ‘या आठवड्यात आईला आणि धान्य वरच्या मजल्यावर नेलं. कोड उघडलासुद्धा नाही.’ त्यावर कोणी त्याच्या धीराचे कौतुक केले नाही की त्यातून शिकवण काढली नाही. पाणी किती आहे, इन्व्हर्टर वर नेला का, विश्रामबागेत कोणाकडे खोली मोकळी आहे, एवढेच बोलणे झाले आणि कॉल लवकर संपला.

विद्यार्थ्यांसाठी या बैठकीचा अर्थ थोडा निराळा आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या कानांवर यश म्हणून एकच गोष्ट पडत असते, ती म्हणजे कोणाला किती लाखांचे पॅकेज मिळाले. कॉलेजच्या फलकावर फोटो, खाली आकडा. या वातावरणातून आलेली मुले पहिल्या दिवशी गप्प बसतात, कारण आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही अशी त्यांची खात्री असते. आपण इथे चुकून आलो आहोत आणि कधीतरी उघडे पडणार, ही भावना पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली कर्तृत्ववान स्त्रियांचा अभ्यास करताना नोंदवली होती. आमच्या धंद्यात तर ती नवशिक्यापासून पंधरा वर्षे काम केलेल्यापर्यंत सगळीकडे आढळते. पगार, पॅकेज आणि कंपनीचे नाव शनिवारी काढायचे नाही, हा आमचा नियम त्यासाठीच आहे. मिरजेच्या एका विद्यार्थिनीने ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा, एका प्रकल्पाच्या माहितीपत्रकातली एक चुकलेली आज्ञा दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली आणि ती मर्ज झाली, म्हणजे तो बदल मूळ प्रकल्पात घेतला गेला. एका शब्दाचा बदल. पण तो करताना तिने कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट शिकले, प्रकल्पाचे नियम वाचले, परदेशातल्या अनोळखी माणसाने सुचवलेला बदल न घाबरता केला. ती हे सांगत असताना एका ज्येष्ठ सदस्यांनी आपल्या पहिल्या पुल रिक्वेस्टवर किती दिवस कोणी उत्तरच दिले नव्हते ते सांगितले, आणि मग प्रत्येकाने आपापली सांगितली.

गट बिघडतो कशाने, तेही पाहिले आहे. न मागितलेला सल्ला हे पहिले कारण. एखादा आपले यश सांगत असताना ‘यापेक्षा अमुक लायब्ररी वापरली असती तर पाच मिनिटांत झालं असतं’ असे कोणी म्हटले, की सांगणारा पुढच्या शनिवारी कॅमेरा बंद ठेवून बसतो आणि त्याच्या पुढच्या शनिवारी येतच नाही. सल्ला द्यायचाच असेल तर नंतर, एकट्याला आणि विचारून द्यावा. दुसरे कारण म्हणजे सरसकट कौतुक. प्रत्येक गोष्टीला ‘लय भारी’ म्हटले, की त्या ‘लय भारी’ची किंमत उतरते, आणि चतुर माणसांना ते लगेच कळते. त्यापेक्षा समजले नसेल तर ‘मला हे समजलं नाही, पुन्हा सांग’ असे म्हणणारा माणूस गटाला अधिक उपयोगी पडतो.

आणखी एक फायदा आम्हाला कोणाच्याच ध्यानात नव्हता, तो मार्च-एप्रिलमध्ये कळला. वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज भरायची वेळ आली, की वर्षभरात आपण केले काय, हेच आठवत नाही. शेवटच्या दोन महिन्यांचे तेवढे आठवते. शनिवारच्या नोंदी ज्यांनी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या होत्या त्यांना अर्ज भरायला एक संध्याकाळ पुरली. एका सदस्याने तर यादी जशीच्या तशी जोडली आणि त्याच्या व्यवस्थापकाने त्यातल्या अशा तीन कामांविषयी विचारले, जी झाली आहेत हे त्याला ठाऊकच नव्हते. नोंद ठेवणे जड जाऊ नये म्हणून कॉलच्या आधी पाच मिनिटे गिटच्या लॉगमध्ये आपल्या नावावरचे आठवडाभराचे बदल पाहून घ्यावेत. बुधवारी सोडवलेला गुंता शनिवारपर्यंत विसरायला होतो, पण लॉगमध्ये तो तारखेसकट असतो. लॉगमध्ये न येणारी कामे, म्हणजे एखाद्याला फोनवर समजावून सांगितलेली गोष्ट किंवा ग्राहकाला नम्रपणे दिलेला नकार, तेवढी हाताने लिहावी लागतात.

साताऱ्याकडच्या काही मंडळींनी आता आपला वेगळा गट करायचे ठरवले आहे आणि आमच्याकडे नियम मागितले आहेत. प्रत्येकाला बोलायला वेळ मिळेल आणि तासाभरात उठता येईल एवढीच माणसे घ्या, आणि सर्वांत नवख्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या, एवढे दोनच आम्ही कळवले. त्यांचा विचार शुक्रवारी संध्याकाळी भेटायचा होता. तो वार टाळा, असेही कळवले आहे, कारण शुक्रवारी संध्याकाळी निम्म्यांचे डिप्लॉय, म्हणजे नवा कोड चालू प्रणालीवर चढवण्याचे काम, अडकलेले असते आणि उरलेले निम्मे ते सोडवत असतात.